सहल आठवड्याची, तयारी महिन्यांची

दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना 'तुला काय हवे आहे?' असे विचारले, तर अमेरिकेत वारंवार मिळणारे उत्तर म्हणजे 'डिस्ने वर्ल्ड'. ही इच्छा पूर्ण करणाऱ्या सेवाभावी संस्था तेथे अनेक आहेत. विमानाची तिकिटे, निवास, भोजन, उद्यानांतील प्रवेश असा बहुतेक सारा खर्च त्या उचलतात. त्यामुळे पैशाची सोय झाली की सहल झाली, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पैसा हा या नियोजनातील तुलनेने सोपा भाग ठरतो. अवघड असते ते वेळेचे गणित. उपचारांच्या दोन फेऱ्यांमधील मोकळे दिवस, तेथील हवामान, मुलाच्या अंगातील बळ आणि काही वेळा हाती उरलेले आयुष्य, या सर्वांचा मेळ घालावा लागतो.

उशिराची किंमत

हे गणित चुकले तर काय होते, या अनुभवातूनच फ्लोरिडात एक आगळे गाव उभे राहिले. हेन्री लँडवर्थ हे बेल्जियममध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून बचावलेले आणि पुढे अमेरिकेत हॉटेल व्यवसायात नाव कमावलेले गृहस्थ. १९८६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला मिकी माउसला भेटायचे होते. लँडवर्थ यांनी आपल्या हॉटेलातील खोली तत्परतेने देऊ केली. मात्र प्रवासाची आणि उद्यानाची उर्वरित व्यवस्था जुळवता जुळवता इतका वेळ गेला, की त्याआधीच ती मुलगी दगावली. कोणी नकार दिला नव्हता, कोणी पैसे नाकारले नव्हते. केवळ उशीर झाला होता.

पुन्हा असे घडू द्यायचे नाही, या निर्धाराने लँडवर्थ यांनी 'गिव्ह किड्स द वर्ल्ड' ही संस्था स्थापन केली. प्रारंभी परिसरातील हॉटेलांमधून खोल्या मिळवून काम चालले. मागणी वाढली तेव्हा १९८९ मध्ये ऑर्लँडोजवळच्या किसिमी येथे खास या कुटुंबांसाठी एक गाव वसवण्यात आले. लँडवर्थ यांचे २०१८ मध्ये निधन झाले. मात्र निवास, भोजन आणि उद्यानांची प्रवेशपत्रे एकाच छताखाली मिळावीत, म्हणजे निकडीच्या वेळी दारोदार फिरावे लागणार नाही, ही त्यांची कल्पना टिकून आहे.

अर्ज कोठे, कोणी करायचा?

या गावाकडे कुटुंबाला थेट अर्ज करता येत नाही. इच्छापूर्ती करणाऱ्या संस्थेमार्फतच तेथे जावे लागते. अशा संस्थांमध्ये 'मेक-अ-विश' हे नाव सर्वपरिचित आहे. १९८० मध्ये अॅरिझोना राज्यातील फिनिक्स येथे रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या एका मुलाला पोलीस व्हायचे होते. पोलिसांनी त्याला गणवेश चढवून त्याची हौस पुरवली. त्यानंतर काही दिवसांतच तो मुलगा गेला. पण त्या एका दिवसातून ही संस्था जन्माला आली. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली 'मेक-अ-विश इंडिया'देखील कर्करोगाने मुलगा गमावलेल्या एका दांपत्यानेच उभी केली.

अमेरिकेतील नियमानुसार मुलाचे वय अडीच वर्षांहून अधिक आणि अठरा वर्षांहून कमी असावे लागते. मुलाचे नाव स्वतः मूल, पालक किंवा उपचार करणारे डॉक्टर सुचवू शकतात. आजार जिवावर बेतणारा असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. मूल मृत्युपंथाला लागलेले असलेच पाहिजे, अशी अट मात्र नाही. इच्छा पूर्ण झालेली असंख्य मुले पुढे बरीही झाली आहेत.

नेमका येथेच अनेक पालकांचा पाय अडखळतो. अर्ज करणे म्हणजे आशा सोडल्याची कबुली देणे, असे त्यांना वाटते. मग 'थोडे दिवस पाहू' असे म्हणत महिने निघून जातात आणि प्रवास झेपेल असा काळ हातचा जातो. उपचार सुरू असतानाच डॉक्टरांपाशी हा विषय काढणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. संस्थेचे स्वयंसेवक मुलाशी बोलतात, ते त्याची स्वतःची इच्छा जाणण्यासाठी. आईवडिलांना डिस्ने वर्ल्ड आवडेल म्हणून मुलाने 'हो' म्हणणे आणि त्याला ते खरोखर हवे असणे, यांत फरक आहे. एका मुलाला अशी एकच इच्छा मिळत असल्याने तो फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

तारीख डॉक्टरांनी ठरवावी

सहलीची तारीख शाळेच्या सुटीवरून किंवा नातेवाइकांच्या सोयीने ठरवून चालत नाही. केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्यांपैकी संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरला ५००च्या खाली गेल्या, तर गर्दीत जाणे धोक्याचे असते आणि साधा ताप हीदेखील तातडीची बाब होते. पेशी पूर्ववत झाल्या आहेत आणि पुढची फेरी अद्याप दूर आहे, असे दिवस निवडावे लागतात.

हवामानाचाही विचार हवा. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर या काळात उकाडा तीव्र असतो आणि दुपारी वादळी पाऊस नित्याचा. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. मेथोट्रेक्झेटसारख्या काही औषधांमुळे त्वचेला ऊन सोसत नाही, त्यामुळे टोपी, लांब बाह्यांचे कपडे आणि सावली यांची सोय आधीच करावी लागते. परदेशातून येणाऱ्या कुटुंबांना व्हिसासाठी लागणारे दिवसही यात धरावे लागतात.

विमान आणि औषधे

विमान कितीही उंचावरून जात असले, तरी आतील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. परंतु फुप्फुसांचा किंवा हृदयाचा विकार अथवा तीव्र पंडुरोग असलेल्या मुलाला प्राणवायू कमी पडू शकतो. म्हणून विमानप्रवासाबाबत डॉक्टरांचा स्वतंत्र सल्ला घ्यावा. अमेरिकेत प्रवाशाला स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. मान्यताप्राप्त 'पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर' चालतो. मात्र विमान कंपनी त्यासाठी ४८ तास आधी सूचना मागू शकते आणि प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या जवळ ठेवायला सांगू शकते.

औषधे नेहमी हातातील पिशवीत असावीत. सामान चुकले, तर कपडे विकत मिळतात, केमोथेरपीच्या गोळ्या मिळत नाहीत. द्रव औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नाही. पण तपासणीच्या वेळी ती वेगळी दाखवावी लागतात. रोगाचे नाव, औषधांच्या मात्रा, अॅलर्जी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक नमूद केलेले पत्र सोबत असावे. ऑर्लँडोमध्ये अर्नाल्ड पामर, नेमूर्स यांसारखी मुलांची मोठी रुग्णालये आहेत. त्यांपैकी कोठे जायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले बरे.

उद्यानात थोडेच पाहावे

डिस्ने वर्ल्डचा परिसर १०० चौरस किलोमीटरहून मोठा असून त्यात चार प्रमुख उद्याने आहेत. धडधाकट माणूसही तेथे दमतो. इच्छापूर्ती योजनेतून आलेल्या कुटुंबांना रांगा टाळण्याची विशेष सवलत मिळते. पण रांग वाचली, तरी चालणे वाचत नाही. एरवी चालू शकणाऱ्या मुलासाठीही चाकांची खुर्ची सोबत असावी. मुलाला सर्वाधिक हवी असलेली गोष्ट पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकावी. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. सकाळी उद्यान, दुपारी विश्रांती आणि मध्ये एखादा पूर्ण मोकळा दिवस, असा क्रम झेपतो.

काही पाळण्यांना उंचीची अट असते. 'स्पेस माउंटन'साठी ती ११२ सेंटीमीटर आहे. दीर्घ काळ स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची वाढ खुंटलेली असू शकते. वय बसते, पण उंची बसत नाही, हे दारावर कळण्यापेक्षा घरी कळलेले चांगले. रक्तातील प्लेटलेट कमी असतील, तर हिसके देणारे पाळणे टाळावे लागतात. छातीत औषधाची नळी बसवलेली असेल, तर पाण्यातील खेळांबाबत डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

विश्रांतीचा दिवस वाया जात नाही, याची काळजी किसिमीच्या गावाने घेतली आहे. तेथे सकाळी न्याहारीलाही आइस्क्रीम मिळते, नाताळ दर आठवड्याला साजरा होतो आणि चाकांच्या खुर्चीसह मेरी-गो-राउंडवर बसता येते. भावंडांनाही तेथे तेवढाच मान असतो. घरातील आजारपणात ज्यांच्याकडे महिनोन्महिने कोणाचे लक्ष गेलेले नसते, त्यांच्यासाठी ही बाब लहान नाही.

एवढे करूनही निघण्याच्या आदल्या दिवशी ताप येऊ शकतो. तसे झाले, तर डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा आणि संस्थेला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे नवी तारीख शोधता येते. प्रवासच झेपणार नाही असे दिसले, तर मुलाला घराजवळ पूर्ण होईल अशी दुसरी इच्छा निवडू द्यावी. ती इच्छा लहान असेल, पण तिला उशीर होता कामा नये.