जुन्या बोर्डाचे पार्ट काढा, पण चुलीवर नको!

मागच्या महिन्यात एका कामानिमित्त शेजारच्या वस्तीत जाणे झाले. एका घरात एक ताई स्टोव्हवर तवा ठेवून बसलेल्या. मला वाटले, भाकरी चालली आहे. जवळ जाऊन पाहतो तर तव्यावर जुन्या टीव्हीचा बोर्ड! तापला की ताई तो सांडशीने उचलून फरशीवर आपटत, आणि सारे पार्ट खाली गळून पडत. शेजारी त्यांचे दोन वर्षांचे लेकरू तेच पार्ट गोळा करून खेळत होते. एक तर तोंडातही होता.

"भाऊ, कष्टाचा पैसा आहे, चोरीचा नाही," ताई म्हणाल्या. खरेच आहे. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी या भागांत असे मोडतोडीचे काम करून कितीतरी घरे चालतात. तेव्हा काम सोडा, असे सांगायला मी गेलो नाही. पण काम करण्याची रीत मात्र बदललीच पाहिजे.

पार्ट बोर्डाला ज्या धातूने जोडतात त्याला सोल्डर म्हणतात. जुन्या सोल्डरमध्ये साधारण ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर बंधन आले, म्हणून त्यानंतरच्या बऱ्याच मालात बिनशिशाचे सोल्डर असते. पण भंगारातला बोर्ड शिशाचाच आहे असे समजून चालावे.

इतक्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. शिसे पोटात जाते ते हातावरून, धुळीतून, कपड्यांवरून. मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे लहान मुलाचे शरीर शोषून घेते आणि त्याचा घाला मेंदूवर पडतो. मुलाच्या रक्तात इतके शिसे असले तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय तव्यावर बोर्ड करपला की त्याचा विषारी धूर छातीत जातो, तो वेगळाच.

मग करावे कसे? सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढून घेणारा पंप आणि तांब्याची विणलेली पट्टी एवढे सामान पुरते. मुंबईत ते लॅमिंग्टन रोडला मिळते. पार्टच्या पायावर आधी थोडे नवे सोल्डर लावावे, म्हणजे जुने लवकर वितळते. दोन-तीन सेकंदांत ते पातळ झाले की लगेच पंपाने ओढावे. राहिलेले पट्टीने टिपून घ्यावे. पार्ट जोराने उपटू नये. असा सावकाश काढलेला आयसी दुरुस्तीवाल्याच्या उपयोगी पडतो. तव्यावर भाजलेल्याचा भरवसा कोण देणार?

सुरुवात करण्यापूर्वी एक ध्यानात ठेवावे. टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. जाणकाराकडून तो रिकामा करून घेतल्याशिवाय हात लावू नये.

काम उंबऱ्याबाहेर, मोकळ्या हवेत करावे. मुले आणि गरोदर बाई जवळ नको. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कपडे बदलावेत, मगच लेकराला घ्यावे. जागा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. निघालेले सोल्डर झाकणाच्या डब्यात ठेवावे.

उरलेले बोर्ड जाळू नयेत, सोन्याच्या आशेने तेजाबात तर मुळीच टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते काम नोंदणी असलेल्या कारखान्याचे आहे.

परवा पुन्हा त्या घरी गेलो. ताई ओट्यावर आयर्न घेऊन बसल्या होत्या. तो तवा त्यांनी भंगारात दिला होता. लेकरू आजीजवळ होते. त्याच्या रक्तातील शिशाची तपासणी करायला दिली आहे, अहवाल यायचा आहे.

आपल्याही घरात हे काम चालत असेल, तर अहवालाची वेळ येण्याआधीच तवा बाजूला ठेवा.