टन ज्याचा त्याचा, उतारा सगळ्यांचा



धान निघून बांध्या मोकळ्या होऊ लागल्या की शहापूर गटात एकच प्रश्न कानी येतो, "साहेब, यंदा कोणता ऊस लावू जी?" विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. "२६५ च लावतो, टन निघतो." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण हिशेब पुरा मांडून पाहू.

को ८६०३२, म्हणजे आपली नीरा, १९९६ पासून महाराष्ट्रात आहे. 'को' म्हणजे कोइमतूर. देशातल्या बहुतेक उसाचे मूळ तिथल्या १९१२ सालच्या पैदास केंद्रात. नीरेचा खोडवा चांगला, पाचट सहज सुटते, साखरही बरी. खताला मात्र ती खादाड आहे, शिफारशीच्या सव्वापट मात्रा मागते. मोरांड जमिनीत मी तरी दुसरे काही सुचवणार नाही.

को. एम. ०२६५, फुले २६५, ही पाडेगावच्या संशोधन केंद्राची जात, २००७ ची. फुटवे भरपूर, वजन भरपूर, खारवट-चोपण जमिनीतही तग धरते. खोट एकच, साखर उशिरा भरते. आणि इथेच आपल्या भागाची अडचण आहे. पश्चिम महाराष्ट्रात आडसाली उसाला दीड वर्ष मिळते. आपल्याकडे धान कापल्याशिवाय बांधी रिकामी होत नाही, म्हणून लागण होते ती सुरूची, डिसेंबर-जानेवारीत. तोच ऊस पुढच्या डिसेंबरात तोडला तर वय जेमतेम अकरा महिने. २६५ ला ते कोवळेच.

आता पैशाकडे वळू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरवला. त्याखाली उतारा दर ०.१ ने घटला की टनाला ३४ रुपये ६० पैसे कमी. ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर पुढे कपात नाही, ३,२९०.५० वर दर थांबतो. पण हा उतारा कोणा एकाच्या उसाचा नसतो, कारखान्याचा सरासरी असतो. समजा एकरी ४० टन काढणाऱ्याने २६५ लावून ४५ टन काढले. पाच टनांचे १७,७५० रुपये जास्त, त्यातून तोडणी-वाहतूक जाईल. पण पुष्कळांचा ऊस असा कोवळाच गाळून सरासरी १०.२५ वरून अर्धा टक्का घसरली, तर टनाला १७३ रुपये गेले. त्याचे ४५ टनांवर ७,७८५ गेले, तरी तो फायद्यातच. ज्या शेजाऱ्याने नीरा लावली त्याचेही ४० टनांवर ६,९२० गेले, आणि त्याला जादा टन एकही नाही. धुऱ्यावरची भांडणे याहून लहान रकमेवर होतात!

म्हणून २६५ बंद करा असे मी म्हणत नाही. कन्हार जमिनीत चर काढून ती जरूर लावा, पण तोड फेब्रुवारीनंतरची धरा. हंगामाच्या सुरुवातीला गाळायला लवकर पिकणारा ऊस हवा. पूर्वी त्यासाठी को. सी. ६७१ होता. साखरेला राजा, पण लाल कुजीला लगेच बळी पडणारा. त्याच्याच ऊतीपासून को ९४०१२, सावित्री, निघाली. अलीकडची फुले १०००१ देखील लवकर पिकते. एकरभर तरी लावून पाहावी.

सगळे रान एकाच जातीखाली नको, याला आणखी एक कारण आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ ने टनही वाढवला आणि उताराही. २०२० च्या सुमारास तिथले पाचातले चार एकर तिच्याखाली होते. मग लाल कूज आली, आणि एवढ्या क्षेत्राचे बेणे बदलायचे कसे, हा पेच पडला.

बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच घ्या, खोडव्याचे नको. नोंदीत जात खरी लिहा. २६५ लावून ८६०३२ सांगितली की तोडणीचा क्रम तिथेच बिघडतो. जानेवारीपासून रिफ्रॅक्टोमीटर घेऊन मी गटात फिरणार आहे. उसाच्या शेंड्याकडचे आणि बुडख्याकडचे ब्रिक्स जवळजवळ सारखे आले की ऊस पिकला. आपल्या फडातला ऊस मोजायचा असेल त्यांनी चिटबॉयकडे आधी नाव द्यावे.