खारपाणपट्ट्यातले घर आणि पोर्टलवरचा प्रश्न

2027 ची जनगणना ही भारताची पहिली डिजिटल जनगणना. तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीत, 33 प्रश्न आहेत. प्रगणक दारी येण्याआधीच्या 15 दिवसांत कुटुंबाला पोर्टलवर स्वतःच माहिती भरता येते. त्यानंतर मिळणारा क्रमांक प्रगणकाला द्यायचा असतो. प्रश्न कळला नाही तर समोरचा प्रगणक तो उलगडून सांगतो; पोर्टलवर मात्र हे काम प्रश्नातल्या शब्दांनाच करावे लागते.

पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न घ्या. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथे अंगणातल्या बोअरचे पाणी खारे लागते. ते भांडी-धुण्याला चालते, प्यायला मात्र नळयोजनेचे किंवा विकतचे कॅनचे पाणी लागते. 'पाण्याचा मुख्य स्रोत' एवढेच शब्द घाईत डोळ्यांखालून गेले तर घरचा माणूस 'बोअर' निवडून पुढे सरकतो, आणि पाण्यासाठी वणवण करणारे घर सरकारी नोंदीत पाणी असलेले घर ठरते. वापराचे पाणी आणि पिण्याचे पाणी असे दोन प्रश्न लागोपाठ विचारले, तर ही गफलत पुष्कळ टळते. मुख्य धान्याच्या प्रश्नाचेही तसेच. भाकरी आणि पोळी दोन्ही होणाऱ्या घरात ज्वारी निवडायची की गहू, हे काळ सांगितल्याशिवाय ठरत नाही.

असे दोष कार्यालयात बसून सापडत नाहीत. त्यासाठी मोजक्या लोकांना प्रश्न वाचायला देऊन 'तुम्हाला यातून काय समजले' हे मोठ्याने सांगायला लावतात. 'कुटुंब' म्हणजे एका चुलीवर जेवणारे, ही जनगणनेची व्याख्या. एकाच वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या असल्या, तर त्यांनी किती अर्ज भरायचे, हे अशाच चाचणीत स्पष्ट होते. विसंगत उत्तरावर अर्जाने सूचना द्यावी, पण अडवून धरू नये. अडलेला माणूस सुटका करून घेण्यासाठी खोटे उत्तर भरतो.

मेळघाटात अडचण निराळी. धारणी-चिखलदऱ्यात रेंज जाते-येते आणि अनेक घरांत कोरकू बोलली जाते. अर्धवट अर्ज मोबाइलमध्येच साठून राहणे आणि प्रश्न ऐकण्याची सोय असणे तिथे अत्यावश्यक आहे. तरीही केवळ ऑनलाइन अर्जावर भिस्त ठेवता येत नाही. 2021 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या जनगणनेत सुमारे 89 टक्के अर्ज ऑनलाइन आले, तरी कागदी अर्ज आणि घरभेटी बंद झाल्या नव्हत्या.

प्रश्नांची यादी देशभर एकच असली, तरी सोबतचे स्पष्टीकरण आणि उदाहरणे जिल्ह्यागणिक बदलता येतात. अशा प्रत्येक अर्जाची चाचणी खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर-बाळापूरच्या आणि मेळघाटातल्या धारणीच्या घरांत आधी झालीच पाहिजे.