उष्णकक्षातील योगवर्ग : एका महिन्याचे निरीक्षण

तापविलेल्या खोलीत योगासने करण्याची पद्धत आज पाश्चात्त्य देशांत आणि आपल्याकडील काही मोठ्या शहरांतही रूढ झाली आहे. गतवर्षी अध्यापनाच्या निमित्ताने अमेरिकेत असताना प्रस्तुत लेखकाने असा वर्ग सलग तीस दिवस केला. हेतू दुहेरी होता. चाळिशीनंतर जडलेली पाठदुखी कमी व्हावी, हा एक. आणि केवळ शब्दांच्या आधारे शरीराला कसे वळविले जाते ते पाहावे, हा दुसरा. त्यातून जे हाती लागले त्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

ही पद्धत लोकप्रिय केली ती बिक्रम चौधरी यांनी. कलकत्त्याचे व्यायामशिक्षक विष्णुचरण घोष यांचे ते शिष्य. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्यांनी जो वर्ग रूढ केला, त्यात २६ आसने व २ श्वसनक्रिया एका ठराविक क्रमाने करावयाच्या असतात. वर्ग ९० मिनिटांचा, खोलीचे तपमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आणि हवेतील आर्द्रता सुमारे ४० टक्के. या आसनक्रमावर त्यांनी स्वामित्वहक्क सांगितला होता. परंतु आसनांचा क्रम ही आरोग्यसाधनेची एक पद्धती होय, पद्धतीला असे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय अमेरिकेतील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. कायदा शब्दयोजनेला संरक्षण देतो, तीमागील कल्पनेला नाही. हा भेद भाषेच्या अभ्यासकास मननीय वाटेल.

आता शरीराकडे वळू. भोवतालची हवा त्वचेहून अधिक उष्ण असली, म्हणजे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. त्वचेकडे रक्त अधिक वळवावे लागते आणि हृदयाची गती वाढते. रोज अशा उष्णतेत राहिल्यास पहिल्या आठवड्यात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील मिठाचा अंश घटतो. प्रस्तुत लेखकास प्रारंभीचे दिवस असह्य वाटले, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तीच खोली सुसह्य झाली. खोली बदलली नव्हती. वर्गानंतर घटलेले वजन मात्र पाण्याचे असते, चरबीचे नव्हे; पाणी पिताच ते भरून येते.

या वर्गात शिक्षक सहसा आसन करून दाखवीत नाहीत. पाठ केलेली एक ठराविक संहिता ते अखंड बोलत राहतात आणि विद्यार्थ्यांनी त्या शब्दांबरहुकूम हालचाल करावयाची असते. तिची क्रियापदे जवळजवळ सर्व आज्ञार्थी. सहाव्या दिवशी एका पायावर उभे असताना लेखकास घेरी आली. बोलण्याची लय यत्किंचितही बदलली नाही, आणि लेखकही त्या लयीत आणखी दोन आसने उभाच राहिला. हातपाय थंड पडू लागले तेव्हा कोठे तो खाली बसला. वाटेल तेव्हा बसण्याची मुभा पहिल्या दिवशी देण्यात आली होती, हे खरे. पण ते वाक्य संहितेबाहेरचे होते, त्यामुळे नेमक्या वेळी ते आठवले नाही. ठराविक संहिता ऐकणाऱ्याला वळवू शकते. त्याचे ऐकू शकत नाही.

आपल्या मराठी योगपुस्तकांतून 'श्वास घ्यावा', 'क्षणभर थांबावे' असा विध्यर्थ सर्रास आढळतो. आज्ञार्थ समोरच्याला उद्देशून असतो व तत्काळ पालनाची अपेक्षा करतो. विध्यर्थ काय उचित ते सांगतो आणि ते केव्हा, किती करावयाचे याचा निर्णय करणाऱ्यावर सोपवितो. सातव्या दिवसापासून लेखकाने ऐकू येणारी प्रत्येक आज्ञा मनातल्या मनात विध्यर्थात वळवून घेतली. त्यानंतर अनेकदा तो खाली बसला, पण पुन्हा घेरी आली नाही.

घामाविषयी आपल्या परंपरेत सूक्ष्म विचार झालेला आहे. चरकसंहितेत अग्नीवाचून होणाऱ्या दहा स्वेदांमध्ये व्यायाम आणि उष्ण गृह यांची गणना स्वतंत्रपणे केली आहे. उष्णकक्षातील वर्गात हे दोन्ही एकत्र येतात. तेव्हा लाभ कोणाचा, हा प्रश्न उरतोच. टेक्सास राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० ते ६० वर्षे वयाच्या निरोगी परंतु बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तींकडून हाच आसनक्रम १२ आठवडे करवून घेतला. एका गटाने ४०.५ अंशांत, दुसऱ्याने २३ अंशांत. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे या बाबतीत तरी लाभ आसनांचा. उष्णतेने त्यात भर घातली नाही.

लेखकाची पाठदुखी महिन्याअखेर कमी झाली. तिचे श्रेय उष्णतेचे की रोजच्या नियमाचे, हे एका माणसाच्या एका महिन्यावरून ठरविता येणार नाही. तथापि ज्यांना हा उपक्रम करावयाचा आहे त्यांनी हृदयविकार, गर्भावस्था किंवा रक्तदाबावरील औषधे असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. पहिले दहा दिवस निम्म्या श्रमाचे मानावेत. पाण्याबरोबर मिठाचीही भरपाई करावी. उष्णतेने स्नायू सैल वाटतात म्हणून ते अधिक ताणू नयेत. आणि घेरीची पहिली चाहूल लागताच, वाक्य पुरे होण्याची वाट न पाहता, खाली बसावे.