क्षणभर थांबणारा काटा

रमजानची संध्याकाळ झाली, की घराघरांत नजरा घड्याळाकडे लागतात. समोर खजूर, पाणी, फळे मांडलेली असतात. दिवसभर तासांत मोजलेला वेळ इफ्तारच्या उंबरठ्यावर सेकंदांत मोजला जातो.

जुन्या किल्लीच्या अनेक घड्याळांत सेकंदकाटा तासाला १८,००० ठोक्यांच्या तालावर चालतो. म्हणजे सेकंदाला पाच बारीक पावले. डोळ्यांना तो सरकतच राहिल्यासारखा वाटतो. जिनिव्हाचे घड्याळजी मोईज पुझे यांनी १७७६ च्या सुमारास खिशातल्या घड्याळासाठी वेगळी युक्ती काढली. सेकंदकाट्याला त्यांनी स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र चाकांची माळ दिली. या माळेच्या टोकाची नाजूक दांडी मुख्य यंत्राच्या दात्याला अडून राहते. सेकंद भरला की ती सुटते, गर्रकन एक फेरी मारते आणि पुन्हा अडते. तेवढ्यात काटा एक उडी घेतो. मुख्य घड्याळ चालू ठेवून हा काटा थांबवताही येई. नाडीचे ठोके मोजायला अशी सोय फार कामाची.

जिनिव्हाच्या घड्याळजींचे इस्तंबूलशीही जुने नाते. विचारवंत रूसो यांचे वडील तिथल्या सुलतानी राजवाड्याचे घड्याळजी होते. उस्मानी रिवाजात सूर्य मावळला की बारा वाजत. सूर्यास्त रोज थोडा पुढे-मागे होतो, म्हणून घड्याळेही पुन्हा पुन्हा लावावी लागत. मोठ्या मशिदींजवळ ‘मुवक्कितखाना’ असे. नमाजच्या वेळा काढणारा जाणकार तिथे बसे आणि लोक आपली घड्याळे तिथल्या घड्याळाशी जुळवून घेत. तुर्कस्तानात १ जानेवारी १९२६ पासून आजची चोवीस तासांची पद्धत आली. तोवर घड्याळ कितीही किमती असो, शेवटचा शब्द सूर्याचाच होता. रोजा आजही सूर्यास्तालाच सुटतो. घड्याळ फक्त तो क्षण सांगते.

आज सेलवरच्या स्वस्त घड्याळाचा काटाही सेकंदाला एकेक उडी मारतो. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या पेटीतले असे घड्याळ सेलचेच समजून अडगळीत जाऊ शकते. अनोळखी हाताने उघडले आणि ती दांडी मोडली, तर तयार सुटा भाग मिळणे कठीण. जाणत्या कारागिराला तो हाताने घडवावा लागतो. म्हणून विकण्यापूर्वी किंवा उघडण्यापूर्वी जाणकाराला दाखवलेले बरे.

काटा थांबलेला दिसतो, तेव्हाही आत स्प्रिंगचा ताण कायम असतो. रोजाही बाहेरून नुसते थांबणेच दिसतो. अन्न-पाणी समोर असताना हात आवरायला आत किती बळ लागते, ते रोजेदारालाच ठाऊक. त्यालाच ‘सब्र’ म्हणतात.