न पडता मोडलेली सायकल

सायकल कुठे आपटलेली नसते, अपघातही झालेला नसतो. पॅडल मारताना फक्त कुरकुर सुरू होते. खाली वाकून पाहावं, तर हँडलखालच्या जोडाशी केसाएवढी चीर! ॲल्युमिनियमची फ्रेम अशी तडकली, की खापर फुटतं शेवटच्या खड्ड्यावर. चिरेची सुरुवात मात्र बहुधा कितीतरी आधी झालेली असते.

धातू थकतो. एका दणक्यात न मोडणारा भाग त्याहून कमी भार लाखो वेळा सोसून मोडतो, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १९व्या शतकातच रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळपास कायम तग धरतं. ॲल्युमिनियमला तशी सूट नाही. बारीकसारीक हिसकेही त्याच्या खाती जमा होत राहतात. १९५४मध्ये दोन ‘कॉमेट’ विमानं हवेतच फुटली, त्यामागे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा थकवाच होता.

तरीही सायकलीला हा धातू का? कारण वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. अडचण अशी, की ताठपणाही तेवढाच कमी. त्यावर उपाय म्हणजे रुंद नळ्या. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर नळी सुमारे आठपट ताठ होते. फ्रेम कमी लवते, ताणही घटतो.

खरं दुखणं जोडांशी आहे. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डिंगच्या आचेने जोडालगत मऊ पडतो. म्हणून जोडलेली फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवतात. इथे कसर राहिली की जोड कच्चा.

म्हणजे ॲल्युमिनियम वाईट? जर्मनीच्या ‘टूर’ मासिकाने १९९७मध्ये १२ फ्रेम यंत्रावर थकवल्या. शेवटपर्यंत टिकल्या तीन: दोन ॲल्युमिनियमच्या, एक कार्बनची. पोलादाची एकही नाही! आयुष्य ठरतं ते रचनेवर आणि कारागिरीवर.

सायकल धुताना हँडलखालचा जोड, पॅडलच्या आसाभोवतीचा भाग आणि मागच्या चाकाची पकड नीट न्याहाळा. सीटची दांडी तिच्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसेल इतकी वर ओढू नका. चीर दिसलीच, तर कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाऊ नका. नव्या वेल्डिंगने तो भाग पुन्हा मऊ पडेल. अशी फ्रेम बदलायचीच.