वजन हरवलेली चिलटं

पिकलेल्या केळ्यांवर, फुटलेल्या डाळिंबावर घोंगावणारी चिलटं कुणालाच नको असतात. सोलापूरच्या फळबाजारात तर त्यांची चंगळच. पण एखादं चिलट काचेच्या नळीत घालून नळी हलकेच आपटा. ते तळाशी पडेल आणि लगेच भिंतीवरून वर चढू लागेल. 'वर' कुठे आहे, हे त्याला कसं कळतं? त्याच्या मिशीच्या बुडाशी एक बारीक इंद्रिय असतं. पृथ्वीच्या ओढीनं मिशी किंचित कलते आणि ती खबर मेंदूला पोचते.

आता ही ओढच जाणवेनाशी झाली तर?

एप्रिल २०१८ मध्ये अशी चिलटं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाठवली गेली. नासातल्या शर्मिला भट्टाचार्य यांच्या चमूचा हा प्रयोग. त्यावरचा निबंध २०२२ साली 'सेल रिपोर्ट्स'मध्ये आला. लेखकांमध्ये पहिलं नाव सिद्धिता म्हात्रे. आपल्याकडचं आडनाव, म्हणून नजर तिथं थबकतेच.

चिलटांचे दोन गट केले होते. एक गट तसाच तरंगत ठेवला. दुसरा गोल फिरणाऱ्या यंत्रात. गड्ड्याच्या यात्रेत पाळणा गरगर फिरू लागला की आपण बाहेरच्या बाजूला रेटले जातो ना, तसंच. वेग असा ठेवला की चिलटांना पृथ्वीएवढंच वजन जाणवावं. युक्ती साधी, पण मोठी उपयोगाची. रॉकेटचे हादरे आणि अंतराळातला किरणोत्सर्ग दोन्ही गटांच्या वाट्याला आला, फरक राहिला तो वजनाचा.

तरंगणारी चिलटं वर असताना जास्तच चळवळ करत होती. पृथ्वीवर परतल्यावर मात्र त्यांना नळीची भिंत नीट चढता येईना. मेंदू तपासले तेव्हा काही चेतापेशी नष्ट झालेल्या दिसल्या. चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशींची संख्याही बदलली होती. फिरत्या यंत्रातल्या चिलटांमध्ये परतल्याबरोबर ही हानी आढळली नाही. पण पृथ्वीवर काही काळ काढल्यावर त्यांच्याही चेतापेशी घटू लागल्या, तरंगलेल्यांच्या अधिक. म्हणजे प्रवास संपला तरी झीज थांबली नव्हती! मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

चिलटांवरून माणसाचं अनुमान काढावं का? माणसातल्या रोगांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांच्या जोड्या चिलटांतही सापडतात. मात्र त्यांचं आयुष्य दोन-अडीच महिन्यांचं. त्यातले काही आठवडे म्हणजे आपली कित्येक वर्षं. तेव्हा घाईनं हिशेब मांडू नये. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये स्थानकावर १८ दिवस राहिले. मंगळावर जायलाच सहा-सात महिने किंवा अधिक लागतील.

अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. त्यानं हाडं आणि स्नायू बऱ्यापैकी टिकतात. पण चिलटाच्या मिशीचं काम आपल्यात आतल्या कानातले बारीक खडे करतात, आणि कितीही व्यायाम केला तरी त्या खड्यांना पृथ्वीवरचं वजन परत मिळत नाही.